माफ केले, तरी हिशेब मागायचा का?

पत्राचा गोषवारा (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) :

पत्रलेखक मिरजेचे, वय 41, ख्रिस्ती कुटुंबातले. आजोबा मिशन हॉस्पिटलात आणि वडील रेल्वेत नोकरीला होते; घराण्यात व्यापारात उतरलेले हे पहिलेच. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी आपल्याच मंडळीतल्या (चर्चच्या समुदायातल्या) बालमित्राबरोबर बेदाण्याची फर्म काढली. काही माल सांगली-तासगावच्या सौद्यांतून आणि काही थेट बागायतदारांच्या शेडवरून घ्यायचा, तो निवडून, प्रतवारी करून पेट्या भरायच्या, कोल्ड स्टोअरेजमध्ये ठेवायच्या आणि वर्षभर बाहेरच्या व्यापाऱ्यांना विकायच्या, असा हा धंदा आहे. खरेदी, शेड आणि बँक पत्रलेखकांकडे, तर विक्री आणि वसुली मित्राकडे. वाटा 60 आणि 40 टक्के. भागीदारीचा लेख स्टँप पेपरवर झाला, पण फर्मची नोंदणी राहून गेली. दोन वर्षांत उलाढाल दुप्पट झाली आणि रंगानुसार माल निवडणाऱ्या नव्या कलर सॉर्टर मशीनसाठी बँकेकडे कर्जाचा अर्ज गेला. अशा वेळी, गेल्या महिन्यात, मित्राने पत्नीच्या नावे वेगळी फर्म काढल्याचे, तीन मोठे ग्राहक तिकडे वळवल्याचे आणि कोल्ड स्टोअरेजमधून 640 पेट्या परस्पर उचलल्याचे उघड झाले. विचारल्यावर ‘फर्मची नोंदच नाही, कुठेही जा,’ असे उत्तर मिळाले. पाळकसाहेब (चर्चचे धर्मगुरू) म्हणतात, क्षमा करून विसरून जा. मेहुणे म्हणतात, पोलिसांत जा. पत्रलेखक विचारतात : ‘विश्वासणाऱ्याने विश्वासणाऱ्यावर दावा लावावा का? ही माझ्या महत्त्वाकांक्षेची शिक्षा तर नव्हे? आणि आता थांबलो तर आलेला वेग जाईल; मशीन घेऊनच त्याला उत्तर द्यावे का?’

प्रिय बंधू,

तुमच्या पत्रात क्षमेचा उल्लेख जागोजागी आहे आणि बँकेला दर महिन्याला द्यावयाच्या स्टॉक स्टेटमेंटचा (शिल्लक मालाच्या पत्रकाचा) एकदाच, तोही जाता जाता. ‘या महिन्याचे स्टेटमेंट अजून दिलेले नाही, काय लिहावे कळत नाही,’ असे तुम्ही म्हणता. माझ्या मते तुमची खरी अडचण या एका वाक्यात आली आहे, म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

तुमचे कॅश क्रेडिट, म्हणजे बँकेने धंद्यासाठी दिलेले खेळते कर्ज, कोल्ड स्टोअरेजमधल्या मालाच्या तारणावर आहे. पेटी पंधरा किलोची धरली, तर त्या तारणातला 9,600 किलो माल आज तिथे नाही. समजा, पाळकसाहेबांच्या सांगण्याप्रमाणे तुम्ही हा विषय मनातल्या मनात मिटवला. मग स्टेटमेंटवर काय लिहाल? माल आहे असे लिहिले तर बँकेची फसवणूक होते आणि तिच्याखाली सही तुमची असते. माल नाही असे लिहिले तर तो कुठे गेला हे बँक विचारणारच, आणि मग विषय मनातल्या मनात राहत नाही. निमूट राहणे ही क्षमेची सर्वांत थोर रीत, असे आपल्या मंडळ्यांतून पुष्कळदा मानले जाते. तुमच्या बाबतीत मात्र निमूट राहायचे तर खोटी साक्ष द्यावी लागेल, आणि तिला दहा आज्ञांतच मनाई आहे.

दुसरी गोष्ट बागायतदारांची. शेडवरून उचललेल्या मालाचे पैसे ज्यांना अजून द्यायचे आहेत, त्यांनी तो माल तुमच्या शब्दावर दिला. गेलेल्या पेट्यांमध्ये त्यांचाही पैसा अडकला आहे. तुमच्या वाट्याचे जे गेले ते सोडून देण्याचा अधिकार तुम्हाला आहे. जत किंवा कवठे महांकाळच्या शेतकऱ्याचे येणे तुमच्या वतीने माफ करण्याचा अधिकार तुम्हाला नाही, आणि खरे सांगायचे तर पाळकसाहेबांनाही नाही. बायबलातल्या जक्कय या जकातदाराच्या घरी तारण (म्हणजे उद्धार) आले त्या दिवशी त्याने ज्यांचे अन्यायाने घेतले होते त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले, याची आठवण पाळकसाहेबांना तुम्ही आदरपूर्वक करून द्यावी.

म्हणून क्षमा आणि हिशेब ही दोन कामे वेगळी धरा. क्षमा तुमच्या आणि देवाच्या मधली आहे, ती आज सुरू करता येते आणि तिच्यासाठी मित्राच्या कबुलीची वाट पाहण्याची गरज नाही. हिशेब तुमच्या, मित्राच्या, बँकेच्या आणि बागायतदारांच्या मधला आहे आणि तो कागदावरच व्हावा लागतो. प्रेषित पौलाने फिलेमोनाला लिहिलेले बायबलातले पत्र या दृष्टीने पुन्हा वाचा. पळून गेलेल्या तुझ्या दासाला, अनेसिमाला, भाऊ म्हणून स्वीकार, अशी विनवणी तो करतो, आणि त्याच पत्रात त्याने तुझे काही नुकसान केले असेल किंवा तो तुझे काही देणे लागत असेल तर ते माझ्या हिशेबी मांड, मी ते फेडीन, असे स्वतःच्या हाताने लिहून देतो. इतकी कळकळीची क्षमायाचना करणाऱ्या माणसालाही येणे मांडून ठेवण्यात काही वावगे वाटले नाही.

आता दाव्याविषयी. तुम्ही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायाचा हवाला देता आणि तो योग्यच आहे; भावाने भावाला अविश्वासणाऱ्यांच्या न्यायासनापुढे खेचावे याचा पौलाला तिथे संताप आला आहे. परंतु त्याच अध्यायात तो विचारतो की, ज्याला भावाभावांचा निवाडा करता येईल असा एकही शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? म्हणजे वाद दडपून टाका असे तो सांगत नाही, तो निवाडा करणारा शोधायला सांगतो. त्यापुढे ‘त्यापेक्षा अन्याय का सोसत नाही?’ असेही वचन आहे आणि ते मी टाळणार नाही. ते वचन तुम्हाला तुमच्या 60 टक्क्यांवर पाणी सोडण्याची मुभा देते. तसे केलेत तर मी तुम्हाला भाबडे म्हणणार नाही. फक्त ते सोडणे हिशेब झाल्यावर, आकडा समोर ठेवून, स्वखुशीने व्हावे. किती सोडले हेच ठाऊक नसेल तर ते सोडणे नव्हे, ते हातून गेलेले असते, आणि अशी गेलेली वस्तू पुढची कित्येक वर्षे मनात व्याजासकट वाढत राहते.

पौलाला पाहिजे तसा शहाणा माणूस नेमण्याची सोय आपल्या देशाच्या कायद्यातही आहे, हे फार थोड्यांना माहीत असते. दोघांनी लेखी संमती दिली तर 1996 च्या लवाद कायद्याखाली तुमच्या मंडळीतली व्यक्तीही लवाद म्हणून नेमता येते आणि तिचा निवाडा न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येतो. मात्र माणूस पारखून निवडा. बँकेतून निवृत्त झालेले, हिशेब कळणारे आणि दोघांपैकी कोणाचेही सोयरे नसलेले गृहस्थ किंवा बाई तुमच्या मंडळीत किंवा सांगलीच्या मंडळीत नक्की असतील. पाळकसाहेबांनी दोघांना एका टेबलाशी बसवावे, प्रार्थना करावी आणि खातेवह्या उघडल्या की बाहेर जाऊन चहा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला रविवारी दोन्ही कुटुंबांना उपदेश करायचा आहे, त्याच्यावर पेट्या मोजण्याचे काम टाकू नये.

तिथपर्यंत जाण्याची पायरी मत्तयाच्या अठराव्या अध्यायात सांगितलेलीच आहे : आधी तुम्ही दोघे एकांतात, मग एक-दोन साक्षीदार घेऊन, आणि त्यानंतर मंडळीपुढे. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात असे तुम्हाला वाटते, पण पत्र वाचून मला तसे वाटले नाही. मार्केट यार्डात दहा जणांसमोर तुम्ही त्याला विचारलेत आणि त्याने उर्मट उत्तर दिले. याला एकांतातली भेट म्हणता येत नाही. ती भेट अजून व्हायची आहे.

त्या भेटीत बोलण्याआधी ऐका, असे मी सुचवीन. तुम्हीच लिहिले आहे की त्याने वाटा वाढवण्याविषयी दोनदा विचारले होते आणि तुम्ही दोन्ही वेळा ‘मशीन येऊ दे, मग बघू’ म्हणालात. ग्राहक त्याने जोडले, प्रवास त्याने केले, बँकेच्या आणि लोकांच्या नजरेत मालक मात्र तुम्ही राहिलात. यामुळे पेट्या उचलणे क्षम्य ठरत नाही. पण वेगळी फर्म काढावीशी वाटणे आणि भागीदारीतला माल परस्पर नेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुमच्या पत्रात त्या दोन्ही ‘विश्वासघात’ या एकाच नावाखाली आल्या आहेत. पहिलीबद्दल तुम्हाला दुःख होऊ शकते, तक्रार करता येत नाही. दुसरीबद्दल तक्रार करता येते. हा भेद तुमच्या मनात स्पष्ट असेल तर बोलणे निदान सुरू होईल. एरवी तो स्वतंत्र होण्याच्या हक्काबद्दल बोलेल, तुम्ही पेट्यांबद्दल बोलाल, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असल्याच्या समाधानात घरी जाल.

कायदाही हाच भेद करतो. 1932 च्या भारतीय भागीदारी कायद्याप्रमाणे बाहेर पडलेल्या भागीदाराला त्याच धंद्यात उतरता येते. परंतु कराराने वेगळे ठरलेले नसेल तर जुन्या फर्मचे नाव वापरता येत नाही आणि जुन्या ग्राहकांना आपल्याकडे या म्हणून गळ घालता येत नाही. भागीदारीत असतानाच स्पर्धेचा धंदा चालवून मिळवलेला नफा तर फर्मला द्यावा लागतो. तुमचा मित्र अजून रीतसर बाहेर पडलेला नाही, हे इथे महत्त्वाचे आहे.

‘नोंद नाही, कुठेही जा,’ या त्याच्या बोलण्याने तुम्ही धास्तावला आहात. ही धास्ती अर्धीच खरी आहे. नोंदणी नसलेल्या फर्मला ग्राहकांवर थकबाकीचा दावा लावताना अडचण येते, हे खरे. परंतु फर्म विसर्जित करून हिशेब मागण्याचा भागीदाराचा हक्क नोंदणीअभावी जात नाही. महाराष्ट्राने 1984 साली कायद्यात दुरुस्ती करून तो हक्कही काढून घेतला होता. ती दुरुस्ती सर्वोच्च न्यायालयाने 2009 साली घटनाबाह्य ठरवली. तुमच्या लेखात भागीदारीची मुदत लिहिलेली नसेल तर लेखी नोटीस देऊन ती विसर्जित करता येते आणि विसर्जनानंतर हिशेबाच्या दाव्यासाठी तीन वर्षांची मुदत असते. विसर्जनाची जाहीर सूचना राजपत्रात आणि स्थानिक मराठी वर्तमानपत्रात दिल्याशिवाय राहू नका, कारण ती सूचना होईपर्यंत तुमच्या मित्राने फर्मच्या नावाने केलेल्या देण्याला बाहेरच्या लोकांपुढे तुम्हीही बांधलेले राहता. नोटिशीचा मसुदा वकिलाकडूनच करून घ्या. आणि हे वाचणाऱ्या ज्या इतर भागीदारांचे अजून गोडीत चालले आहे, त्यांनी गोडीत असतानाच नोंदणी करून टाकावी, कारण तिच्या अर्जावर सगळ्या भागीदारांच्या सह्या लागतात आणि बिघडल्यावर त्या मिळत नाहीत.

भेटीच्या आधी काही कामे मात्र मुकाट्याने उरकली पाहिजेत. कोल्ड स्टोअरेजला दोघांच्या सहीशिवाय माल सोडू नये असे पत्र द्या, त्याची पोच घ्या आणि आजवरच्या उचलीचा उतारा मागा. प्रत्येक ग्राहकाला त्याच्या खात्याचा उतारा पाठवून बाकी कबूल करून मागा. कोणी कोणाला किती दिले हे त्यातून आपोआप बाहेर येईल आणि तुम्हाला कोणावर आरोपही करावा लागणार नाही. बँकेच्या खात्यावरचे एका सहीचे व्यवहार थांबवण्याचे पत्र देता येते, परंतु भागीदारांत वाद असल्याचे कळल्यावर बहुतेक बँका खातेच गोठवतात, तेव्हा ते पत्र मजुरी आणि बागायतदारांचे हप्ते भागवल्यानंतर द्या. शाखाधिकाऱ्यांना मात्र लगेच भेटा. तारणातला माल कमी झाल्याचे तुमच्याकडून कळणे आणि त्यांच्या तपासणीत सापडणे यांत मोठा फरक आहे, आणि तुमची पुढच्या दहा वर्षांची पत त्यावर ठरेल.

मेहुण्यांच्या सल्ल्याबद्दल फार लिहीत नाही. भागीदारांमधल्या पैशाच्या वादाला पोलीस सहसा दिवाणी बाब म्हणतात, आणि पैसे वसूल करण्यासाठी फौजदारी तक्रारीचा धाक घालणे मला बरे वाटत नाही. उताऱ्यांमध्ये तुमची बनावट सही निघाली तर गोष्ट वेगळी. मग वकिलाला विचारून ठरवा.

आता महत्त्वाकांक्षेकडे येऊ. ही शिक्षा आहे का, हे मी सांगू शकत नाही आणि जो सांगू शकतो म्हणेल त्याच्यापासून चार हात दूर राहा. पण हा प्रश्न तुम्हालाच का पडला आणि शेजारच्या गाळ्यातल्या व्यापाऱ्याला का पडला नसता, याचा विचार मी केला. मिरजेला 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी उभारलेल्या मिशन हॉस्पिटलाभोवती आपल्या लोकांच्या कित्येक पिढ्या घडल्या. परिचारिका, कंपाउंडर, शिक्षक, रेल्वेतले कर्मचारी झाल्या. पगार हा स्वच्छ पैसा आणि नफा हा थोडासा संशयास्पद पैसा, अशी एक समजूत या घरांतून न सांगता रुजली. तुमच्या आजोबांना ती शोभत होती. शास्त्रात मात्र तिला फारसा आधार नाही. फिलिप्पैत पौलाचे ऐकणारी लुदिया जांभळ्या वस्त्रांची व्यापारी होती, पौल स्वतः करिंथात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करण्याच्या धंद्यात होता, आणि धन्याने दिलेला पैसा पुरून ठेवणाऱ्या दासाचे कौतुक प्रभूने केलेले नाही. याकोबाच्या पत्रात अमक्या शहरी जाऊ, व्यापार करू, नफा मिळवू म्हणणाऱ्यांना जी कानउघाडणी आहे, ती व्यापाराबद्दल नसून उद्याचा दिवस आपल्या मुठीत असल्याच्या समजुतीबद्दल आहे.

माझी तक्रार तुमच्या महत्त्वाकांक्षेबद्दल नाही, ती तुमच्या वेगाबद्दल आहे, आणि दोन्ही एकच असे तुम्ही धरून चालला आहात. उलाढाल वाढत असते तेव्हा नव्या विक्रीचे पैसे येत राहतात आणि जुन्या वसुलीतली तूट त्यांत बुडून जाते. कृष्णेचे पाणी चढलेले असताना पात्रातले खडक दिसत नाहीत, तसे हे होते. चौदा महिन्यांत तुम्ही ग्राहकांची खाती एकदाही ताडून पाहिली नाहीत, कारण खात्यावर पैसे दिसत होते आणि सगळे ठीक वाटत होते. मित्राच्या मनातली नाराजीही त्याच वेगात तुम्हाला दिसली नाही. अशा वेळी आणखी मोठे कर्ज काढून धावणे म्हणजे जे दिसले नाही ते पुन्हा न दिसण्याची सोय करणे होय. शिवाय कर्जाचा अर्ज दोन भागीदारांच्या फर्मचा आहे. ती फर्म आता तशी राहिलेली नाही, आणि हे न सांगता कर्ज उचलणे हा स्टॉक स्टेटमेंटचाच प्रश्न नव्या रूपात होईल.

‘त्याला उत्तर’ म्हणून मशीन घेण्याविषयी एवढेच विचारतो : तो मित्र उद्या धंदा सोडून मुंबईला गेला, तर तुम्हाला ती मशीन हवीच असेल का? हवी असेल तर ती धंद्याची गरज आहे आणि अर्ज नव्याने, तुमच्या एकट्याच्या नावाने करता येईल. नव्या बेदाण्याचा हंगाम फेब्रुवारीशिवाय सुरू होत नाही. मधल्या महिन्यांत हातातला माल विकावा, दिवाळीची मागणी गाठावी, उरलेल्या ग्राहकांना स्वतः जाऊन भेटावे, कारण विक्री तुम्हाला येत नाही हा तुमच्या फर्ममधला सर्वांत मोठा धोका होता आणि तो मित्र प्रामाणिक असता तरी धोकाच राहिला असता. डिसेंबरात आकडे पाहून मशीनचे ठरवा. तेवढ्या काळात जाईल असा वेग मुळातच फार भरवशाचा नव्हता.

तो परत आला तर काय, असेही तुम्ही विचारले आहे. पंफुल्या प्रांतात साथ सोडून गेलेल्या योहान मार्क या सोबत्याला पुढच्या प्रवासात घ्यायला पौलाने साफ नकार दिला, इतका की त्यापायी त्याचा सहकारी बर्णबा आणि तो वेगळे झाले. आणि शेवटच्या काळात त्याच मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे, असे पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिले. मधली वर्षे गाळून तिथे पोहोचता येत नाही. मित्राने हिशेब दिला, माल किंवा पैसे परत केले, तर त्याच्याशी घरोबा ठेवा, माल घ्या-द्या, पण रोखीने. भागीदारी पुन्हा नको, निदान इतक्यात नको. जुन्या करारातला याकोब आणि त्याचा सासरा लाबान वीस वर्षांच्या कटकटीनंतर वेगळे झाले तेव्हा त्यांनी दगडांची रास रचून दोघांच्या मधली हद्द ठरवली, आणि त्यानंतर एकत्र बसून जेवले. तुमची रास म्हणजे विसर्जनाचा लेख. कोणते ग्राहक कोणाकडे, कोणते देणे कोणाचे, फर्मचे नाव कोणाकडे, हे त्यात स्पष्ट लिहा.

राहिला येत्या प्रभुभोजनाचा, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीचा प्रश्न. तो त्याच बाकावर असताना मी ते घ्यावे का, असे तुम्ही विचारता. मी पाळक नाही, तेव्हा हे माझे साधे मत समजा. रोमकरांस पत्रात सर्वांबरोबर शांतीने राहण्याची आज्ञा आहे, पण ती ‘शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितके’ अशा शब्दांत आहे. तुमच्याकडून होण्यासारखे म्हणजे ती एकांतातली भेट. ती रविवारच्या आधी मागा. त्याने दार लावून घेतले तरी तुम्ही मोकळ्या मनाने मेजाकडे जाऊ शकता. आणि त्याची पत्नी महिला मंडळात तुमच्या पत्नीशेजारी बसते, तिच्याशी तुमच्या घरच्यांनी बोलणे टाकू नये. नवी फर्म तिच्या नावावर आहे, पण सही करताना तिला किती सांगितले गेले होते हे तुम्हाला ठाऊक नाही.

शेडवर माल निवडणाऱ्या बायकांनाही येत्या पगाराच्या दिवशी तुम्ही स्वतः सांगा की भागीदारी मोडते आहे आणि हातातला माल संपेपर्यंत काम चालू आहे. पुढचे ठाऊक नसेल तर ठाऊक नाही असे सांगा. यार्डात ही बातमी एव्हाना फिरली आहेच, आणि त्यांच्यापैकी काहींना दुसऱ्या शेडवर बोलावणे आलेही असेल. कोणी जायचे ठरवले तर तिचा हिशेब त्याच दिवशी चुकता करा.